साकव घालू नका

अणशीच्या शाळेत सभा ठरली ती अठरा मेला. नेत्राचे वडील वासू वेळीप गेले, त्याला त्या दिवशी बरोबर दहा महिने होत होते. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. रामनगरच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवत असे. सुट्टी लागली तशी आईजवळ येऊन राहिली होती, आणि सभेची चिठ्ठी वाड्यावर आली तेव्हा अंगणात फणसाचे गरे काढत बसली होती.

चिठ्ठीत लिहिलं होतं, की घाटाखालच्या अणुवीज प्रकल्पावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक मंडळाचे अधिकारी येणार आहेत. जवळपासच्या सगळ्या वाड्यांनी यावं आणि मोठा अपघात झाला तर काय, याबद्दलच्या शंका मोकळेपणानं विचाराव्यात. चहाची सोय केली आहे.

तिनं हात पुसून चिठ्ठी दोनदा वाचली. आई, रुक्मा, चुलीपुढून म्हणाली, "जाणार न्हवं तू?"

"जाणार."

"जा. काय विचारायचं ते विचार. पर बापाचं नाव काढू नको. मेल्या माणसाला चारचौघांत उभं करायचं न्हाई."

नेत्रानं चिठ्ठीची घडी घातली. आईची भीती तिला कळत होती, आणि वडिलांचं नाव न काढता तो प्रश्न विचारता येणार नाही हेही तिला कळत होतं.

त्याचं असं झालं होतं. त्यांचा आंबेतळीचा वाडा म्हणजे नऊ घरं, चारी बाजूंनी रान, आणि बाहेर पडायचं तर व्हाळ ओलांडायचा. व्हाळ म्हणजे ओढाच, पण घाटमाथ्यावरचं सगळं पाणी घेऊन येणारा. तुळशीचं लग्न झालं, भात घरात आलं, की गडीमाणसं मिळून त्यावर साकव घालत. ऐनाच्या लाकडाचे पाच लांब सोट, वर चिव्याच्या बांबूचे तट्टे, त्यावर तांबडी माती. त्यावरून जीपसुद्धा जाई. मिरग लागायच्या आधी माती सारायची, तट्टे सोडायचे आणि सोट उचलून वर देवराईच्या कडेला माचावर नेऊन ठेवायचे. वाघांसाठी रान राखीव झाल्यापासून नवं झाड तोडता येत नव्हतं. तेच पाच सोट अठरा वर्षं पोटच्या पोरांसारखे जपलेले. ते पुरात गेले तर साकव कायमचा गेला. त्यामुळं आंबेतळीला वर्षातून सहा-सात महिने साकव असे आणि उरलेले महिने नसे, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

तीन वर्षांमागं ऑक्टोबरात निरोप आला होता, की आणीबाणीची रंगीत तालीम आहे, साहेब लोक गाडी घेऊन वाड्यावर येतील, माणसांना बाहेर काढायला किती वेळ लागतो ते पाहतील. व्हाळाला तेव्हा मांडीभर पाणी होतं आणि भात शेतात उभं होतं. वासू वाड्याचे गावकर, देवाचा पहिला नारळ त्यांच्या हातचा. ते म्हणाले, साहेब लोक आपल्या दारात येणार आणि विजारी वर करून पाण्यातून येणार, हे काही बरं दिसत नाही. कापणी सोडून सगळ्यांनी दोन दिवसांत साकव घातला, कडेला बांबूचा कठडाही बांधला. पिवळी जाकिटं घातलेली माणसं आली, साकवावरून गाडी नेली, घड्याळं पाहिली, फोटो काढले. वासूंनी त्यांना शहाळी दिली. गाडी गेल्यावर आठवडाभर वासूंचं मन भरलेलं होतं.

पुढच्या वर्षी नेत्रानं पंचायतीतून आणीबाणीच्या आराखड्याचा कागद मिळवला आणि सोप्यावर बसून वडिलांना मराठीत करून वाचून दाखवला. आंबेतळी: बारमाही रस्ता, ओढ्यावर पूल आहे, सर्व रहिवाशांना वाहनाने बाहेर काढण्यास लागणारा वेळ चाळीस मिनिटे.

वासूंनी तिला 'बारमाही' हा शब्द पुन्हा वाचायला लावला. मग बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"म्हंजे खोटं त्यांनी न्हाई लिवलं," ते म्हणाले. "म्या लिवलं. माझ्या हातानं."

पुढच्या वेळी साहेब आले की आपण होऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. ती वेळ आलीच नाही. गेल्या जुलैत लावणीच्या चिखलात सकाळी नऊला ते एका अंगावर कलले, आणि त्यांची वाचा गेली. व्हाळ दोन्ही काठ भरून वाहत होता. रेंज मिळते त्या खडकावर चढून कुणीतरी फोन लावला. दुपारी बारापर्यंत अँब्युलन्स पलीकडच्या काठावर आली आणि ड्रायव्हर कितीतरी वेळ हॉर्न वाजवत राहिला. मग ती परत गेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पाणी उतरलं तेव्हा बाजेवर घालून त्यांना पार केलं. सव्वीस तास झाले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिल्या काही तासांत का आणलं नाही असं विचारलं आणि नेत्राचा चेहरा पाहून पुढचं बोलायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी वासू गेले.

दहाव्याला शेजारचे उमाजी म्हणाले होते, "सायबांसाठी दोन दिसांत साकव घातला गड्यानं. सवताच्या वक्ताला मात्र न्हाई झाला." उमाजी वासूंच्या बरोबरीचे, बोलायला तिखट. ते शब्द रुक्माच्या मनातून गेले नव्हते. सभेत हे सगळं निघालं तर ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होईल, वासूनं खोटा पूल दाखवला आणि त्यातच मेला; एवढं एकच तिला नको होतं.

सभेला आंबेतळीची वीस-बावीस माणसं आली. शाळेच्या हॉलात बाक सारून सतरंज्या घातल्या होत्या. मंडळाच्या मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर चित्रं दाखवत कन्नडमध्ये आणि मधूनच हिंदीत समजावून सांगितलं. त्यांच्याबरोबर सुशीला नावाच्या इंजिनियर बाई होत्या, धारवाडकडच्या. त्या मराठीत सांगत, पुस्तकी पण नीट. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना आपला विषय आवडत होता, आणि आवडता विषय शिकवणारा मास्तर कसा दिसतो हे नेत्राला ठाऊक होतं.

लोकांनी विचारायचं ते विचारलं. नदीतले मासे खावेत का, मध कमी का झालाय, पोरांना नोकरी कधी. मग नेत्रानं हात वर केला.

"बाहेरची वीज गेली," ती म्हणाली, "डिझेलचे जनरेटरही चालले नाहीत, पंप थांबले. जपानमध्ये झालं तसं. मग अणुभट्टीचं काय होतं?"

साहेब खुलले. भट्टी आधी आपोआप बंद होते, ते म्हणाले, पण बंद झालेली भट्टीसुद्धा चुलीतल्या निखाऱ्यासारखी बराच काळ गरम राहते. तिला गार ठेवावं लागतं. या भट्ट्यांच्या आतच पाण्याचे मोठे साठे आहेत. पंप नसले तरी ते पाणी उकळून संपायला पुष्कळ वेळ लागतो, आणि तेवढ्यात बाहेरून पाणी जोडायची सोय जपाननंतर केलेली आहे. नेत्रानं विचारलं, तीही सोय चुकली आणि गाभा वितळायला लागला तर? तर भोवती काँक्रीटची दुहेरी भिंत आहे. आणि आतला दाब वाढला तर? साहेबांनी तेही सांगितलं, काही लपवलं नाही. जिथं 'अशी शक्यता फार कमी' म्हणायचं तिथं तसं म्हटलं, आणि जिथं 'नाही' म्हणता येत नव्हतं तिथं 'नाही' म्हटलं नाही. तिनं सुट्ट्या घालवून वाचलेल्याशी ते जुळत होतं. तिला बरं वाटलं.

"म्हणजे आम्हाला हलवायची वेळ आलीच, तर त्याआधी हातात किती तास असतील?"

साहेबांनी सुशीलाबाईंकडं पाहिलं. मग म्हणाले, वचन देत नाही, अंदाज सांगतो. सर्वांत वाईट धरलं तरी साधारण एक दिवस. चोवीस तास धरा.

हॉलात सुस्कारे ऐकू आले. चोवीस तासांत माणूस घाट उतरून चालत कारवार गाठेल आणि माशाचं जेवण करून घोरतही पडेल, असं मागून कुणी म्हणालं, आणि लोक हसले. नेत्रा हसू ओसरेपर्यंत थांबली.

"गेल्या जुलैत आमच्या वाड्यातून सव्वीस तास कुणाला बाहेर पडता आलं नाही," ती म्हणाली.

पंचायतीचा क्लार्क प्रशांत लॅपटॉपजवळ बसला होता. तो घाईनं म्हणाला, की मॅडमचा काहीतरी घोटाळा होतोय, आंबेतळीला पूल आहे, तालमीच्या वेळचा फोटो आहे आपल्याकडं. आणि त्यानं तो फोटो पडद्यावर लावला.

साकवावर पिवळी गाडी उभी होती. गाडीच्या बाजूला, बांबूच्या कठड्यावर हात ठेवून, धुतलेला सदरा आणि टोपी घातलेले वासू हसत होते. नवऱ्या मुलीचा बाप वरातीला सामोरा येतो तसे.

हा फोटो नेत्रानं कधी पाहिला नव्हता. घरी वडिलांचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला, त्यात ते घाबरल्यासारखे दिसत. इथं ते भिंतभर होते आणि त्यांचा पुढचा पडलेला दातही दिसत होता. आपण उभं राहून काय विचारत होतो ते ती क्षणभर विसरली. तिनं मागं वळून बायकांत बसलेल्या आईकडं पाहिलं. रुक्मा पडद्याकडं पाहत होती. पदर तोंडाला लावलेला होता, तो तिनं खाली घेतला.

"सांग," ती म्हणाली. हॉलात सगळ्यांना ऐकू गेलं.

मग नेत्रानं सांगितलं. फोटोतले ते माझे वडील. तो पूल नाही, साकव आहे, आणि तालमीच्या आदल्या दिवशीच तो घालून झाला होता, तुमच्या पायाला पाणी लागू नये म्हणून. पावसात तो नसतो. तुम्ही मोजलेली चाळीस मिनिटं माझ्या वडिलांनी तुम्हाला दिली होती. ही चूक त्यांच्या ध्यानात आली होती आणि त्यांना ती तुम्हाला सांगायची होती. गेल्या जुलैत पलीकडं जायला सव्वीस तास लागले ते त्यांनाच. एवढं बोलून तिनं विचारलं, की भट्टीतल्या पाण्याचे तास तुम्ही इतक्या काळजीनं मोजता, तर व्हाळाच्या पाण्याचे तास कोण मोजतं?

मोठे साहेब म्हणाले, की कुंपणाच्या बाहेरचा आराखडा जिल्ह्याचा असतो, मंडळ तो फक्त तपासतं.

"बरोबर आहे," नेत्रा म्हणाली. "मग तपासलंत ते काय तपासलंत?"

तिनं आवाज चढवला नव्हता. साहेब पडद्यावरच्या फोटोकडं वळले. उत्तर आलं ते प्रशांतकडून. तो म्हणाला, म्हणजे सरकारी तपासणीत खोटा पूल दाखवून तुमच्या वडिलांनीच दिशाभूल केली, असंच म्हणायचं की.

जे होऊ नये म्हणून रुक्मा दहा महिने झुरत होती ते असं एका वाक्यात झालं.  तेवढ्यात मागं कुणीतरी गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठलं. उमाजी होते.

"ए प्रशांता," ते म्हणाले, "तुझ्या घरात जावई येतो तवा तू दारातला चिकोल पुसतूस का न्हाई? का फोटू काढाय ठेवतूस?"

हॉलात खसखस पिकली. उमाजी हसले नाहीत.

"आणि वासूनं खोटं केलं म्हणतूस, तर एकेक सोट सा जणांचा हाय. वासू काय भीम न्हवता. म्या उचललाय. माझ्या खांद्याची सूज आठ दिस उतरली न्हवती. लिव माझं नाव."

मग आंबेतळीची माणसं एकेक करून उठू लागली. कुणी तट्टे विणले होते, कुणी माती ओढली होती, एका बाईनं दोन दिवस सगळ्यांची पेज रांधली होती. तिनं तेही लिहून घ्यायला सांगितलं. कुणी रागात नव्हतं. पंगतीत पान मांडल्यावर बसावं तशी माणसं उभी राहिली होती. रुक्माही उठली. पदर सावरून ती त्यांच्या रांगेत उभी राहिली.

सुशीलाबाई इतका वेळ वहीत लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मोठ्या साहेबांशी हलक्या आवाजात कन्नडमध्ये काही बोलल्या. साहेबांनी मान डोलावली.

"चूक आमची आहे," बाई मराठीत म्हणाल्या. "तारीख कळवून परीक्षा घेतली आणि तीही ऑक्टोबरात. आम्ही जुलैत येतो. तारीख सांगणार नाही. तुमच्याकडं एकच मागणं आहे. साकव घालू नका."

परतताना जीपमध्ये उमाजी रुक्माच्या समोरच्या बाजूला बसले होते. अर्धा रस्ता झाल्यावर त्यांनी कमरेची चंची सोडली, पानाला चुना लावला आणि विडा तिच्यापुढं धरला.

"रुक्मावैनी, माझं तोंड वंगाळ हाय," ते म्हणाले.

"ठाव हाय मला," रुक्मा म्हणाली, आणि तिनं विडा घेतला.

जुलैच्या नऊ तारखेला सुशीलाबाई आल्या. तीन दिवस पावसानं शाळांना सुट्टी होती. नेत्रा आदल्या शनिवारी पाणी उतारावर असताना वाड्यावर आली होती आणि तिथंच अडकली होती. सकाळी दहाला पलीकडच्या काठावर गाडी थांबलेली दिसली. वर दिवा गरगर फिरत होता. सुशीलाबाई रेनकोट घालून उतरल्या, बरोबर दोन माणसं, एकाच्या हातात रंगाचे पट्टे मारलेली काठी.

वाड्यावरची माणसं घोंगड्या-इरली घेऊन काठावर जमली, आणि त्यांचा जीव वरखाली होऊ लागला. पाहुणा दारात उभा आणि आपण हात बांधून बघत राहायचं, असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. एक म्हणाला, दोन तरी सोट टाकूया, निदान चालत येतील. दुसरा म्हणाला, दोरी टाकू. उमाजी स्वतः माचाकडं दोनदा जाऊन परत आले. नेत्रा वाटेत उभी राहिली. ती म्हणाली, बाईंनी मागितलेली एकच गोष्ट आहे, ती तरी देऊया.

पलीकडचा माणूस काठीनं पाणी मोजत राहिला. दर अर्ध्या तासाला खूण, पुन्हा वहीत नोंद. एकदा गाडीशेजारच्या माणसानं दोन्ही कानांवर हात ठेवले. हा काय करतोय ते कुणाला कळेना. व्हाळाच्या आवाजाखाली काही ऐकूच येत नव्हतं. दुपारी बारा वाजले, एक वाजला. तीन वाजेपर्यंत बाई पावसात उभ्या होत्या. पाणी उतरलं तर नाहीच, वीतभर चढलं.

मग त्यांनी हातातला फोन वर करून दाखवला. नेत्रा रेंजच्या खडकावर चढली. फोन लागला.

"आम्ही भोंगा पाच मिनिटं वाजवला," बाई म्हणाल्या. "ऐकला?"

"नाही. कान झाकलेला माणूस दिसला फक्त."

"मला वाटलंच." बाई भरभर सांगू लागल्या. आराखड्यातून 'बारमाही' काढलं, पूल काढला, चाळीस मिनिटं काढली. पावसाच्या चार महिन्यांत हा वाडा शेवटचा नाही, पहिला धरायचा. प्रकल्पात नुसती चिंता वाटण्याजोगं काही झालं तरी इथं सर्वांत आधी कळवायचं, पाणी चढायच्या आत. बिनतारी संच वाड्यावरच ठेवायचा, किरणोत्सर्गावरच्या आयोडीनच्या गोळ्याही इथंच. "लोखंडी साकवाचं माझ्या हातात नाही. जिल्ह्याला लिहीन. लिहिणं माझ्या हातात आहे."

"पुष्कळ झालं," नेत्रा म्हणाली, आणि ते तिनं उगाच म्हटलं नव्हतं.

"एक विचारायचं राहिलं. यादीत बेचाळीस माणसं आहेत."

"एक्केचाळीस." तिला वाटलं होतं तेवढं ते जड गेलं नाही. "पहिलं नाव कमी करा."

 बाई म्हणाल्या, "केलं." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "तो फोटो मी तुम्हाला पाठवते."

ती खडकावरून उतरली तेव्हा गाडी वळत होती. सगळी माणसं, पाहुणा दिसेनासा होईपर्यंत थांबायचं म्हणून, भिजत उभी होती. उमाजींनी विचारलं, बाईनं शेवटाला काय लिहिलं.

"पूल न्हाई म्हणून लिहिलं."

"आँ? ते आमच्या शेरडालाबी ठाव हाय."

"व्हय काका," नेत्रा म्हणाली. "आता कागदालाबी ठाव झालं."

उमाजींनी थोडा वेळ विचार केला आणि ते हसले, खांदे हलेपर्यंत. व्हाळाच्या आवाजात ते हसू नुसतं दिसत होतं. नेत्राही हसली. जवळजवळ वर्षभर छातीवर दाबून धरलेलं काहीतरी तिच्या नकळत सुटलं होतं, आणि ते केव्हा सुटलं ते आता आठवूनही सापडलं नसतं.

रुक्मा काठावर आली नव्हती. ती खालच्या शेतात होती, वाकलेली, डोक्यावर इरलं. लेक बांधावर येऊन उभी राहिली तेव्हा तिनं मान वर केली.

"झालं?"

"झालं."

रुक्मानं भाताच्या तरव्याची, रोपांची, एक जुडी तिच्याकडं टाकली. "मग ये चिखलात. दोन वाफे ऱ्हायल्यात."